बॉडीच्या बदल्यात बॉडी

सोमवार, १५ नोव्हेंबर १९९९

आले एकदाची बारामतीत! फलटणहून एसटीने तासाभराचा रस्ता, पण पप्पांनी निरोप असा दिला की जणू मी विलायतेलाच निघाले आहे. एक पेटी, एक वळकटी, कॅमेऱ्याची बॅग आणि ही कोरी वही. वहीच्या पहिल्या पानावर ‘मेघना गंगाराम अहिवळे, फोटोग्राफर’ असं लिहिलं आणि शेवटचा शब्द तीनदा वाचून घेतला. आता कोणी हसायचं असेल तर हसा.

स्टँडमागच्या गल्लीत दत्तोबा तात्यांचा स्टुडिओ आहे. पुढे दुकान, मधे डार्करूम, मागे तात्या आणि कौसल्याकाकूंचं घर, आणि माडीवरची एक खोली आता माझी. तात्या साठीला आले, हात थरथरतो, म्हणून त्यांना माणूस हवा होता. हळदीत आणि बायकांच्या घोळक्यात बाई फोटोग्राफर असली तर पाव्हण्यांना बरं वाटतं, असा त्यांचा हिशोब. काकूंनी आल्या आल्या आडनाव विचारलं. सांगितलं. एक क्षण थांबल्या, मग म्हणाल्या की हात धू, भाकरी निवती. आमचं जमेल असं दिसतंय.

तात्यांनी कामं समजावली. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. शिवाय तालुक्यात कुठे अपघात झाला किंवा कालव्यात कोणी सापडलं की पोलिसांचा निरोप येतो, बॉडीचे फोटो काढायला. ते मात्र मीच करीन, तू त्यात पडू नको, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तात्या, मला बॉडी म्हटलं की कॅमेराच आठवतो. आम्हा फोटोवाल्यांत लेन्स काढून ठेवली की जो नुसता कॅमेरा उरतो त्याला बॉडी म्हणतात ना! तात्या खो खो हसले. म्हणाले, दोन्हीच्या आत अंधारच आसतो, पोरी.

खिडकीतून मळीचा वास येतोय. कारखाने सुरू झालेत. मला आवडला.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

माझ्या बॉडीने दगा दिला. पप्पांनी कॉलेज संपल्यावर घेऊन दिलेली जुनी मॅन्युअल बॉडी. मीटर केव्हाच मेलंय, आता रोल पुढे सरकवायचा खटकाही घसरतो. तात्यांचा कॅमेरा तात्यांच्या हातात असतो. त्यांनी सरळ सांगितलं की पुढच्या महिन्यात सतरा लग्नं आहेत, स्वतःची भरवशाची बॉडी असली तर पाटीवर माझं नाव लागेल, नाहीतर ते अकलूजच्या नेहमीच्या माणसाला बोलावतील. रागाने नाही म्हणाले, पण म्हणाले. पाटीवर नाव! मला ते हवंय. फलटणला परत जाऊन शेजाऱ्यांच्या ‘आलीस का, बाई?’ला तोंड द्यायचं नाहीये.

भिगवण रस्त्याला काटेवाडीच्या विजयसिंहने सायबर कॅफे काढलाय. घरचा ऊस आहे, पण याला संगणकाचं वेड. तीन संगणक, दोन चालू. फोनची तार किंचाळते, मग पाच मिनिटांनी एक पान उघडतं. त्यानेच दाखवलं की जुन्या कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीचं एक पान आहे, देशभरातले अनोळखी लोक तिथे जाहिराती टाकतात. मी माझी टाकली. विजयसिंह म्हणाला, मॅडम, न बघितलेल्या माणसाशी सौदा म्हणजे डोळे झाकून विहिरीत उडी. मी म्हटलं, मी अहिवळे गुरुजींची मुलगी आहे.

पप्पा दूधवाल्याकडूनसुद्धा लिहून घेतात. त्यांच्या जोरावर माझे नियम ठरलेत. भरदिवसा, चारचौघांत व्यवहार करायचा. बॉडीवरचा नंबर आधी मागवून घ्यायचा आणि हातात आली की ताडून बघायचा. एक रोल काढून, धुऊन बघितल्याशिवाय मन भरू द्यायचं नाही. आणि ठरलं ते कागदावर, सहीनिशी. लेखी असलं की माणूस पळत नाही.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

उत्तर आलं, तेही शेजारच्याच तालुक्यातून! सावळाराम, मुक्काम शेळगाव, तालुका इंदापूर. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, वाचताना जिभेची कसरत होते. त्यांच्याकडे एक काळी बॉडी आहे, माझीच लेन्स बसेल अशा आट्यांची, शटर घड्याळासारखं. त्यांना पैसे नकोत. फक्त अदलाबदल. ‘बॉडीच्या बदल्यात बॉडी. जुनी असली तरी चालेल, तरुण असावी.’

‘तरुण’ वाचून मी आणि विजयसिंह पोट धरून हसलो. गावाकडचे लोक काय काय शब्द वापरतात! मी लिहिलं की माझी पाचच वर्षं वापरातली आहे, थोडी कुरकुरते. त्यांनी विचारलं, कोणी दुसरा हक्क सांगणारा नाही ना. मी कळवलं की सर्वस्वी माझी आहे. नंबर मागितला, लगेच आला. भेटायचं म्हटलं तर कळवलं, ‘मी इथे अडकलो आहे, येता येत नाही.’ शनिवारी इंदापूर स्टँडच्या कॅन्टीनवर बॉडी ठेवतो, बघा, पटली तर घ्या आणि तुमची द्या.

माणूस भेटणार नाही हे मला टोचलं. पण वस्तू भेटणार आहे आणि कॅन्टीन म्हणजे चारचौघंच. कागद तयार केला : ‘मी मेघना गंगाराम अहिवळे, राहणार बारामती, शेळगावचे सावळाराम यांची बॉडी घेऊन त्या बदल्यात माझी बॉडी त्यांना कायमची देत आहे. मान्य.’ खाली झोकात सही.

शनिवार, २७ नोव्हेंबर

मिळाली! अकराच्या उन्हात, इंदापूर स्टँडवर, चहा पिणाऱ्या वीस माणसांसमोर. कॅन्टीनवाले आबाजी म्हणाले की सकाळी दुकान उघडलं तर डबा टेबलावर व्हता, वर चिठ्ठी, कोन ठिवून गेला काय म्हाईत. मी तिथेच बाकड्यावर बसून तपासलं. नंबर जुळला. शटर सगळ्या वेगांना खणखणीत. कोपऱ्यांना काळा रंग उडून पितळ दिसतंय, म्हणजे खूप वापर झालेला, पण जपून. आतून जरासा ओलसर वास आला, शेवाळासारखा. असेल कुठे दमट घरात ठेवलेली.

माझी जुनी बॉडी त्याच डब्यात ठेवली, वर सही केलेला कागद, आणि डबा आबाजींच्या हवाली केला. पप्पांच्या बॉडीला निरोप देताना थोडं भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण परतीच्या गाडीत नवी बॉडी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात पाटी रंगवत होते.

सोमवार, २९ नोव्हेंबर

नियमाप्रमाणे एक रोल काढला. मंडई, उसाच्या बैलगाड्या, काकूंचा पापड लाटतानाचा चिडलेला चेहरा. धुतला. काय धार आहे! तात्यांनी भिंग लावून बघितलं आणि पाठीवर थाप मारली. उद्याच पेंटरला सांगतो म्हणाले.

एकच गंमत झाली. शेवटच्या फोटोत, बैलगाड्यांच्या मागे, एक मुलगी पाठमोरी उभी आहे. पिवळा ड्रेस, एक वेणी. मी त्या दिवशी पिवळाच घातला होता. काकू म्हणाल्या, ही तर तूच. मी म्हटलं, काकू, मी कॅमेऱ्यामागे होते, पुढे कशी असेन? बारामतीत पिवळे ड्रेस काय एकच आहेत?

शुक्रवार, ३ डिसेंबर

बुधवारी कोऱ्हाळे बुद्रुकला लग्न होतं, माझं पहिलं मोठं काम. पंगत, मंडप, नवरा-नवरी, दोनशे पाव्हणे. नवरीच्या मामांना कॅमेऱ्याचं झाकण उघडून आत बघायचं होतं, मी त्यांच्या हातावर चापट मारली. तात्यांनी घरी आल्यावर त्यांचा किस्सा सांगितला. एका लग्नात एका पाव्हण्याने खरंच मागचं झाकण उघडलं होतं, फिल्मला ऊन लागलं आणि आख्खं लग्न पुसून गेलं. रोल आधी मागे गुंडाळून डबीत घ्यायचा, मग झाकण उघडायचं, एवढीच तर आमची विद्या. नवरा-नवरी नांदतायत, म्हणाले, पण लगीन लागल्याचा पुरावा न्हाय.

आज रोल धुतला. चार फोटोंत मी आहे.

पाठमोरी नाही. बायकांच्या रांगेत, कडेला. मग दुसऱ्या रांगेत. मग नवरीच्या खांद्याशेजारी. चौथ्यात मी सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय आणि माझं तोंड उघडं आहे, काहीतरी सांगत असल्यासारखं. तात्या चिडले. कॅमेरा कोणाच्या हातात दिला होतास म्हणून विचारलं. कोणाच्याही नाही, असं मी शपथेवर सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा फोटोकडे बघितलं आणि चहा न पिताच उठले.

नवा रोल भरून ठेवला होता, रविवारच्या साखरपुड्यासाठी. आता तात्यांचाच कॅमेरा नेईन म्हणते.

रविवार, ५ डिसेंबर

साखरपुडा झाला. परत आले तर इंदापूर गाडीचे कंडक्टर डबा देऊन गेलेले. आबाजींनी पाठवलेला. उघडला तर आत माझी जुनी बॉडी. वर माझाच कागद, माझ्या सहीचा. त्यावरच्या ‘माझी बॉडी’ या शब्दांखाली रेघ ओढलीय आणि बाजूला ओल्या शाईने लिहिलंय, ‘ही नव्हे.’

मी आधी भडकले. जुनी चालेल म्हणणारा हाच! तात्यांना कागद दाखवला. त्यांनी शेळगाव, सावळाराम वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. मग ती काळी बॉडी हातात घेऊन पितळी कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिले.

सावळाराम तात्यांच्या ओळखीचा होता. तोही पोलिसांसाठी फोटो काढायचा. बारा वर्षांपूर्वी शेळगावजवळ कालव्यात कोणी वाहून आलं म्हणून फोटो काढायला वाकला आणि पाय घसरला. कॅमेरा काठच्या बाभळीला लटकलेला मिळाला. तात्या तीन दिवस काठाकाठाने हिंडले होते. कॅमेरा घावला, म्हणाले, बॉडी घावली न्हाय. आजून न्हाय घावली.

बॉडी.

मी पंधरा मिनिटं तो कागद घेऊन बसले. सर्वस्वी माझी. तरुण, एवढं त्याचं. कायमची देत आहे. मान्य. बाकी सगळं मीच लिहिलंय, कोणी हात धरून लिहून घेतलेलं नाही.

तात्यांचं म्हणणं की त्याची आई शेळगावला आहे, कॅमेरा तिच्या हातात नेऊन दे. माल परत केला की व्यवहार मोडला. मी भुताखेतांना मानत नाही, घरात तसं वळणच नाही. पण मंगळवारी जाते. जेवायला बसलो तर काकूंनी दोनच ताटं वाढली होती. मी समोर बसलेली असताना. विसरले गं बाई, म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

सोमवार, ६ डिसेंबर

पप्पांना फोन करायचा होता. आज सहा डिसेंबर, ते दादरला गेलेत चैत्यभूमीवर, शेजारच्यांनी सांगितलं बुधवारशिवाय येणार नाहीत. दरवर्षी जातात, मला माहीत होतं, तरी लावला.

अकलूजहून निरोप आला, तात्यांची लेक अडलीय. तात्या आणि काकू दुपारच्या गाडीने गेले. रविवारी येतो म्हणाले. दुकान माझ्यावर.

विजयसिंहकडे गेले. सावळारामची नवी मेल होती. ‘छत्तीस झाले की माझं काम होईल. बारा वर्षं अडकलो आहे, ताई. रागावू नका.’ विजयसिंहला विचारलं, शेळगावात इंटरनेट आहे का? तो म्हणाला, मॅडम, शेळगावात फोन लागला तरी पेढे वाटतील. मग पुन्हा त्याच्या पडद्याकडे वळला आणि मी उठून निघाले तरी त्याने वर बघितलं नाही.

छत्तीस. एका रोलवर फोटो छत्तीसच निघतात. घरी येऊन काळ्या बॉडीवरचा, किती फोटो झाले ते सांगणारा आकडा बघितला. शुक्रवारी रोल भरला तेव्हा एक होता. मी एकही फोटो काढलेला नाही. अकरा झालाय. मी बघत असतानाच बॅगेत खट् आवाज झाला. बारा.

मागचं झाकण उघडून ऊन दाखवावं म्हटलं. बोटं खटक्यावरून घसरतात. तेल लावल्यासारखी. पक्कड घेतली, पक्कड हातातून पडली. चार वेळा. मला फार भीती वाटते आहे.

मंगळवार, ७ डिसेंबर

शेळगावला गेले. कंडक्टरने तिकीट फाडलं नाही. मी हात पुढे केला होता, तो माझ्या पुढून दोनदा गेला. कोणी माझ्या शेजारी बसलं नाही, एक बाई तर माझ्यावरच बसायला आली आणि कसंनुसं होऊन सरकली.

सावळारामच्या आईचं, म्हाळसाबाईंचं घर कालव्याच्या पलीकडे, दोन खणांचं. डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीवर सावळारामचा फोटो आहे, हार नाही. बॉडी बघितल्याबिगर हार कसा घालू, असं त्या बारा वर्षं म्हणतायत. कॅमेरा कुठे होता विचारलं. खुंटीला व्हता, म्हणाल्या, आठ-पंधरा दिसांमागं गेला. बॉडी आणाया गेला आसंल. आणि मग त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, गालावरून, हनुवटीवरून, हळूहळू, आणि रडायला लागल्या. आलास व्हय रं, सावळ्या?

मी म्हटलं, मी मेघना, बारामतीहून आले. त्या म्हणाल्या, व्हय व्हय, आलास ह्ये बरं झालं.

कॅमेरा खुंटीला लटकवला आणि पळत सुटले. फाट्यापर्यंतसुद्धा पोचता आलं नाही. चालत होते ती वाट दिसेनाशी झाली. ऊन नाही, ऊस नाही. मला दिसत होती म्हाळसाबाईंची चूल, खुंटीच्या उंचीवरून. त्या भाकरी थापताना. डोळे चोळले, मिटले, तरी चूलच. गाडीचा भोंगा अगदी कानाशी ऐकू आला आणि मी बांधावर आपटले. चाचपडत, कालव्याच्या पाण्याचा आवाज धरून मागे गेले. कॅमेरा गळ्यात घातला तेव्हा कुठे वाट दिसली.

म्हणजे तो टाकून मला जाता येणार नाही. माझी नजर त्याच्यात गेली आहे. संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

आलो? मी असं कसं लिहिलं. आले. परत आले.

बुधवार, ८ डिसेंबर

आकडा चोवीस.

दुकानात तिघे आले. ‘कोनी हाय का?’ म्हणून हाका मारल्या आणि गेले. मी काउंटरवर होते. ओरडले. एकाने मान वळवली, कुत्रं हाकलल्यासारखा हात हलवला.

पप्पांना फोन लावला. आले होते. हॅलो, हॅलो म्हणाले. मी पप्पा पप्पा करत होते. नुसतीच घरघर येतीय, असं कोणाला तरी म्हणाले आणि ठेवला. मला माझे पप्पा हवेत. मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला पप्पा हवेत.

अजून एक वाट आहे. खटका माझ्याच बोटांना दाद देत नाही, तात्यांचे हात चालतील. तात्या रविवारी येतील. ऊन दाखवलं की रोल पुसला जाईल, रोल पुसला की जे काही त्याच्यात जमा होतंय ते सुटेल. लिहून ठेवते. बोलणं ऐकू गेलं नाही तरी लेखी राहतं.

काउंटरच्या काचेखाली चिठ्ठी ठेवली : ‘तात्या, आल्या आल्या काळ्या बॉडीचं मागचं झाकण उन्हात उघडा. त्यातला रोल पूर्ण जाळा. मी नको म्हटलं, रडले, पाया पडले तरी ऐकू नका. तुम्हाला तुमच्या लेकीची शपथ. मेघना.’ सही केली. सहीला अर्धा तास लागला.

आता बरं वाटतंय. एक काम झालं.

गुरुवार, ९ डिसेंबर

एकोणतीस.

भूक नाही. हात थंड, बोटांची टोकं सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

सकाळी उठून बघितलं तर वहीत वर चार ओळी होत्या. माझं अक्षर नाही. मोठं, डावीकडे कललेलं. ‘आये म्हातारी झाली हाय. तिला यकदा जेवू घालायचं हाय. तुमी फोटोवाल्या हायसा, तुमाला अंधाराची सवय हाय.’ फाडून टाकलं पान. फाडणारा हात माझा नव्हता, मी फक्त बघत होतो

होते. बघत होते. मी बाई आहे. मी मेघना. मी गेले, मी आले, मी बसले, मी लिहिते. मी लिहिते.

शुक्रवार, १० डिसेंबर

तेहेतीस. आज तीनदा वाजला — दुपारीच —

आरशात बघितलं. आरशातली केस विंचरत होती. मी नाही. तिने माझा पिवळा ड्रेस घातला. वेणी घालता येईना तिला, गाठ मारली नुसती. खाली उतरली. दुकान उघडलं. लोकांनी तिला नमस्कार केला —

मी गळ्यातून बघतेय. तिच्या गळ्यातून. छातीच्या उंचीवरून सगळं दिसतं, काउंटर, माणसांचे पट्टे, हात. वर चेहरे दिसत नाहीत.

मेघना मॅडम, परवा कुठं व्हता, असं कोणीतरी विचारलं. ती हसली. माझंच हसू.

शनिवार

छत्तीस —

हे आता आत आहे. वही हातात होती म्हणून आली. अंधार. उजेड फक्त खट् झालं तेव्हा आला, एवढासा, आणि त्यात दिसलं की मी कुठे आहे. पुढे काच. मागे पत्रा. मी चपटी. गुडघे वाकत नाहीत. शेवाळाचा वास. त्याच्या बाराही वर्षांचा वास इथे राहिलाय.

बॉडीच्या बदल्यात बॉडी. त्याने फसवलं नाही. मला त्याची मिळाली.

चाचपडत लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील. पण मी आहे. रोलवर आहे, छत्तीसही घरांत. लग्नातल्यासारखी कडेला नाही, पूर्ण. कोणी रोल मागे गुंडाळला, धुतला, तर मी दिसेन. तात्या भिंग लावून बघतील. माझं तोंड वाचतील. त्यांना कळेल. तात्यांना कळेलच. रोल धुवायला टाकणं, एवढंच तर —

चिठ्ठी.

ती चिठ्ठी

रविवार असेल

आवाज. एसटीतून उतरल्याच्या पिशव्या. काकू. नातू झाला म्हणतायत, पेढे. तात्यांच्या चपला.

काच सरकवली. तात्या वाचतायत, मोठ्याने, एकेक शब्द. शपथेपाशी थांबले. हे काय पोरी, म्हणाले, तूच लिहिलंस का?

व्हय तात्या, मीच लिव्हलंय. ती म्हणाली. माझ्या गळ्यातून.

व्हय! तात्या, मी कधी ‘व्हय’ म्हटलंय तुमच्याशी? आठवा ना. एकदा तरी —

आये वाट बघतीय, जाऊन येतो, म्हणाली. मग, येते. तात्यांनी ऐकलं का? काकू? काकू हसल्या. हितली हवा लागली म्हणे पोरीला. जेवून जा म्हणे. ताटं मांडल्याचा आवाज. एक. दोन. तीन.

तीन.

उचललं. तात्यांचा हात. थरथरतोय. ओळखीचा हात — मागचा दरवाजा — परसात आणलं — पत्रा तापतोय पाठीला. ऊन.

तात्या म्हणतायत, घाबरू नको, आता सुटशील. कोणाला म्हणतायत, तिला? मला? रडतायत तात्या. माझ्यासाठी रडतायत.

नको. नको तात्या. लिहिलंय ते — मीच लिहिलंय पण — ऐकू नका असं मीच — सही —

खटका. बोट ठेवलं खटक्यावर.

आधी गुंडाळा. तात्या, तुमचीच विद्या. आधी रोल मागे गुंडाळायचा, मग झाक